दारातला पहिला तास

“आपण फक्त बॅग भरायची आणि निघायचं, बाकी सगळं टूरवाले बघतात!”

परदेशाची सहल करून आलेल्या कुणालाही विचारा, हे वाक्य ऐकायला मिळतेच. ते काही खोटेही नाही. व्हिसाची कागदपत्रे टूर कंपनी सादर करते, हॉटेल ती ठरवते, बस वेळेवर दारात येते, आणि परक्या मुलखातही रात्रीच्या जेवणात वरणभात दिसतो. घरात सकाळपासून रात्रीपर्यंत सगळ्यांचे बघणाऱ्या गृहिणीला आठ-दहा दिवस कुणीतरी आपले बघते, याचेच केवढे अप्रूप असते!

पण या सगळ्या व्यवस्थेत एक तास असा असतो, जो दुसरे कुणीही आपल्यासाठी निभावून नेऊ शकत नाही. तो म्हणजे परक्या देशात उतरल्यानंतरचा पहिला तास, विमानाच्या दारापासून विमानतळाच्या बाहेरच्या दारापर्यंतचा. टूर मॅनेजर रांगेत आपल्या पुढे किंवा मागे असतो. पण अधिकाऱ्यासमोर पासपोर्ट घेऊन आपण एकटेच उभे असतो. तिथे दिलेले उत्तर आपले असते आणि त्याचा परिणामही आपलाच.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. त्यासाठी चारशे डॉलर मोजावे लागले आहेत. तीच हकिगत आज सांगते.

नकाशाच्या कोपऱ्यातला देश

माझ्या सासूबाई सातारा जिल्ह्यात शिक्षिका होत्या. तीस वर्षे त्यांनी भूगोल शिकवला. शाळेतल्या जगाच्या नकाशावर उजव्या हाताला, अगदी खालच्या कोपऱ्यात, दोन लांबट तुकडे असायचे. कधी नकाशाची ती कड फाटलेली असायची, तर कधी छापणाऱ्यानेच ते गाळलेले असायचे. “मुलांना मी खडूने काढून दाखवायचे. न्यूझीलंड. इथून पुढे फक्त समुद्र,” असे त्या सांगतात. त्याच देशाच्या एडमंड हिलरींनी तेनसिंग नोर्गे यांच्याबरोबर २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टवर पाऊल ठेवले, हा धडा शिकवताना वर्ग कसा चिडीचूप व्हायचा, हेही त्यांनी मला अनेकदा ऐकवले आहे.

सत्तरी गाठल्यावर त्यांनी एक दिवस जाहीर केले, “माझ्या फंडातले पैसे पडून आहेत. मला तो कोपरा बघायचाय. तू चल बरोबर.” माझ्या पतींना रजा मिळेना, मुलांची शाळा. शेवटी २०२४ च्या नोव्हेंबरात, दिवाळी आटोपल्यावर, आम्ही सासू-सून दोघीच एका टूर कंपनीच्या अठ्ठावीस जणांच्या ग्रुपमध्ये निघालो.

मुंबईहून न्यूझीलंड म्हणजे बारा हजार किलोमीटरहून जास्त अंतर. सिंगापूरपर्यंत साडेपाच तास, तिथे विमान बदलून ऑकलंडपर्यंत आणखी सुमारे दहा तास. आईंच्या पायांची मला काळजी होती. डॉक्टरांनी बजावले होते, की इतका वेळ एका जागी बसून राहिले तर पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. तेव्हा तासा-दीड तासाने उठून विमानातच चार फेऱ्या मारायच्या, बसल्या जागी घोटे फिरवायचे, पाणी पीत राहायचे. आईंना मधुमेहही आहे. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा मी कागदावर लिहून घेतल्या होत्या. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, दोन जोड कपडे हातातल्या बॅगेत. मी पत्रकार बाई! तयारीत काही कसूर राहिली नाही, असे मला मनापासून वाटत होते.

कंपनीने भरलेला फॉर्म

न्यूझीलंडमध्ये उतरणाऱ्या प्रत्येकाला ‘न्यूझीलंड ट्रॅव्हलर डिक्लरेशन’ नावाचे एक निवेदन भरून द्यावे लागते. २०२३ पासून ते मोबाइलवर किंवा संगणकावर भरता येते, हवे तर कागदावरही मिळते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. नाव, पासपोर्ट, पहिल्या रात्रीचे हॉटेल असे सगळे विचारून झाले, की मुख्य प्रश्न येतात. तुमच्याजवळ खाण्याचा कुठला पदार्थ आहे का? झाडे, बिया, फळे? प्राण्यांपासून झालेली वस्तू? मातीत वापरलेले बूट? दहा हजार न्यूझीलंड डॉलर किंवा त्याहून जास्त रोकड?

माझा फॉर्म मीच भरला. माझ्या बॅगेत खाण्याचे काही नव्हते, तेव्हा ‘नाही’ लिहिताना हात अडखळला नाही. आईंचा फॉर्म मात्र ग्रुपमधल्या इतर ज्येष्ठांबरोबर कंपनीच्या ऑफिसातून भरला गेला. “आजी-आजोबांना कशाला त्रास?” असे म्हणून तिथल्या मुलीने सगळ्यांचे एकदमच भरून टाकले होते. त्याची छापील प्रत आईंच्या फाइलमध्ये होती. ती उघडून बघावी, असे आम्हां दोघींनाही सुचले नाही.

सिंगापूरहून निघालेले विमान ऑकलंडजवळ आले, तेव्हा जैवसुरक्षेची सूचना झाली. खाण्याचे काहीही असेल तर सांगा, नाहीतर टाकून द्या. लपवलेत तर दंड होईल. आईंनी चष्मा लावला, फाइल काढली आणि तो कागद वाचू लागल्या. मग माझ्यासमोर धरला. “हे काय लिहिलंय गं?”

खाण्याच्या पदार्थापुढे लिहिले होते, ‘नाही’.

माझ्या पोटात गोळा आला. कारण आईंच्या मोठ्या बॅगेत दिवाळीच्या चकल्यांचा डबा होता. आणि मधाची बाटली! त्यांचे भाऊ वाईजवळ राहतात. त्यांनी चार पेट्या मधमाश्या पाळल्या आहेत. दरवर्षी पहिला मध बहिणीला येतो, आणि कोरड्या खोकल्यासाठी ती रोज रात्री चमचाभर मध घेते. मधुमेह असला तरी एवढ्याची मुभा त्यांनी डॉक्टरांकडून भांडून मिळवली आहे.

‘गप्प बसा, काही होत नाही’

आमचे बोलणे पुढच्या सीटवरच्या गृहस्थांनी ऐकले. ते मागे वळून म्हणाले, “ताई, उगाच कशाला बोलता? एकदा तोंड उघडलंत, की सगळी बॅग उलटीपालटी करतील. तासभर जाईल. गप्प बसा, काही होत नाही.” त्यांच्या पत्नीनेही मान डोलावली. टूर मॅनेजर चांगला मुलगा होता, पण अठ्ठावीस माणसे वेळेत बसमध्ये बसवायची त्याला घाई. तो म्हणाला, “आजी, इतकी वर्षं ग्रुप आणतोय. घरगुती खाऊ सगळेच आणतात.”

खरे सांगू? मीही डळमळले. बाहेर बस उभी असणार, सगळे आमच्यासाठी ताटकळणार, पहिल्याच दिवशी ग्रुपमध्ये नाव होणार. ‘त्या सासू-सुनेमुळे उशीर झाला.’ मी आईंना हळूच म्हटले, “मध मी कचऱ्यात टाकून देते. बोलायलाच नको.” पण बाटली विमानाच्या पोटातल्या बॅगेत. ती हातात येणार उतरल्यावर.

आई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “अगं, तीस वर्षं मुलांच्या वहीत दुसऱ्याने लिहिलेलं उत्तर मी लाल शाईने खोडलं. आता माझ्या नावावर दुसऱ्याने लिहिलेलं उत्तर मी माझं म्हणून दाखवू होय? मी सांगणार आहे. तुला लाज वाटत असेल, तर तू पुढे जा.”

पुढे कशी जाणार! पण मनातून मी त्यांच्यावर चिडले होते, हे कबूल करायला हवे.

आई उभ्या राहिल्या

ऑकलंडला उतरलो, तेव्हा तिथे सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. त्या दिवसांत तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असते, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे पावणेचार. ज्या वेळी घरी आपण गाढ झोपेत असतो, त्या वेळी इथे लख्ख उजेडात शहाण्यासारखे वागायचे! डोळे चुरचुरत होते, पाय सुजले होते. वाटेत माओरी पद्धतीच्या कोरीवकामाचे लाकडी प्रवेशद्वार लागले. माओरी हे या देशाचे मूळ रहिवासी. ‘किया ओरा’ हा त्यांचा नमस्कार, म्हणजे साधारण ‘बरे असा, सुखी असा’. आई दारातून जाताना क्षणभर थांबल्या आणि हात जोडून पुढे गेल्या.

पासपोर्टवर काम झाले, बॅगा पट्ट्यावरून आल्या आणि आम्ही जैवसुरक्षा अधिकाऱ्यासमोरच्या रांगेत लागलो. आमची पाळी आली. समोर पन्नाशीचे एक गृहस्थ होते. त्यांनी विचारले, “तुमची बॅग तुम्हीच भरलीत का?” मी उत्तर देणार, तोच आईंनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि शाळेत इन्स्पेक्टरसमोर उभ्या राहत असतील तशा ताठ उभ्या राहून म्हणाल्या, “सर, धिस फॉर्म इज फिल्ड बाय टूर पीपल. इट इज राँग. आय हॅव हनी अँड होममेड फूड.”

मला वाटले, आता संपलेच. पण त्या गृहस्थांचा चेहरा सैल झाला. “थँक यू फॉर टेलिंग मी,” ते म्हणाले आणि आम्हाला बाजूच्या टेबलापाशी नेले. बॅग उघडली. चकल्या त्यांनी पाहिल्या, कशाच्या आहेत ते विचारले. तांदूळ आणि डाळीच्या पिठाच्या, तळलेल्या, असे सांगितल्यावर डबा परत दिला. मधाची बाटली मात्र बाजूला ठेवली. “आय ॲम सॉरी, ही देता येणार नाही.”

“व्हॉट विल यू डू विथ इट?” आईंनी विचारले.

ती नष्ट करावी लागते, असे त्यांनी सांगितले. आईंनी मान हलवली, बाटलीवरची भावाच्या अक्षरातली चिठ्ठी सोडवून घेता येईल का, एवढेच विचारले. त्यांनी ती काढून दिली. आईंनी ती पर्समध्ये ठेवली. दंड नाही, बोलणी नाहीत. सगळे मिळून दहा मिनिटे लागली असतील. पासपोर्ट नियंत्रणापर्यंत फॉर्म दुरुस्त करता येतो, आणि तेही राहिले असेल तर बॅग तपासण्याआधी आपण होऊन सांगितलेले चांगले, हे मला तिथे कळले.

चारशे डॉलरचे संत्रे

आता माझी गोष्ट. आईंची बॅग बंद करायला मी खाली वाकले होते. खांद्यावरची पर्स जमिनीजवळ लोंबत होती. तेवढ्यात जाकीट घातलेला बीगल जातीचा एक छोटासा कुत्रा आपल्या बाईंबरोबर तिथून गेला. पुढे गेला, थांबला, मागे आला आणि माझ्या पर्सशेजारी शहाण्या मुलासारखा बसून राहिला.

“किती गोड आहे!” असे मी म्हणालेसुद्धा. त्या बाई हसल्या नाहीत. “मे आय सी युवर बॅग?”

पर्समधून निघाले एक छोटे संत्रे. विमानातल्या नाश्त्याच्या ट्रेमधले. आईंची साखर एकदम उतरली तर तोंडात टाकायला हवे, म्हणून मी ते रुमालात गुंडाळून ठेवले होते आणि ठेवल्याचे साफ विसरले होते. फळे टाकण्यासाठी ठेवलेल्या पेट्या मी वाटेत पाहिल्या होत्या. इतकेच नव्हे, तर त्यातल्या एकीकडे बोट दाखवून मी आईंना म्हणाले होते, “बघा, किती कडक आहेत हे लोक!”

विसरले होते, ही सबब चालत नाही. माझ्या फॉर्मवर स्वच्छ ‘नाही’ होते, आणि तो मीच भरला होता. जाहीर न करता धोक्याची वस्तू आणली तर जागच्या जागी चारशे न्यूझीलंड डॉलर दंड. आपले जवळजवळ वीस हजार रुपये. मुद्दाम खोटे सांगितल्याचे सिद्ध झाले तर प्रकरण कोर्टात जाऊ शकते आणि शिक्षा कितीतरी मोठी असते. मी कार्डाने पैसे भरले. हात थरथरत होता. एका संत्र्याचे वीस हजार! त्यात दोन महिन्यांचा किराणा आला असता.

बाहेर आलो, तर बसमध्ये सव्वीस माणसे आमची वाट पाहत होती. ‘गप्प बसा’ म्हणणारे गृहस्थ काही न बोलता खिडकीबाहेर पाहू लागले. मला रडू फुटायच्या बेतात होते. आई शेजारी बसल्या. मला वाटले, आता ऐकावे लागणार. त्या म्हणाल्या, “माझ्यासाठीच ठेवलं होतंस ना? अर्धे मी देते.” मग थोड्या वेळाने, “पण पुढच्या वेळी साखरेचे चार खडे ठेव. आणि तेही सांगून टाक.”

इतके कडक का?

त्या रात्री मला राहून राहून वाटत होते, एका फळासाठी एवढा कांगावा कशाला? पण पुढच्या आठवडाभरात जे पाहिले, ऐकले, त्यावरून उत्तर मिळाले.

न्यूझीलंड इतर भूभागांपासून कोट्यवधी वर्षे तुटून राहिले. वटवाघळे सोडली तर जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी तिथे मूळचा नाही. शत्रूच नसल्यामुळे किवीसारखे पक्षी उडायचेच विसरले. माणूस तिथे आला अवघ्या सात-आठशे वर्षांपूर्वी. त्याच्याबरोबर उंदीर आले, नंतर युरोपियनांबरोबर ससे आले, आणि सशांना आवरायला १८८० च्या दशकात मुद्दाम स्टोट नावाचे मुंगसासारखे प्राणी आणले गेले. त्यांनी सशांपेक्षा पक्ष्यांचीच अंडी-पिल्ले फस्त केली. बाहेरून आलेली एक चूक किती महाग पडते, हे या देशाने असे शिकून घेतले आहे.

आणि त्याचे पोट शेतीवर, दूधदुभत्यावर, फळांवर. आपल्याकडे गुराढोरांना होणारा लाळ्या-खुरकूत रोग तिथे कधीच आलेला नाही. तो एकदा शिरला, तर देशाचा दुधाचा आणि मांसाचा व्यापार ठप्प होईल. २०१५ च्या फेब्रुवारीत ऑकलंडच्या ग्रे लिन भागात क्वीन्सलँड फळमाशी सापडली. तेवढ्यावरून आसपासच्या रहिवाशांना घरच्या बागेतली फळे-भाज्याही भागाबाहेर नेण्याची बंदी झाली. माशीचा नायनाट झाला, असे जाहीर करायला त्या वर्षाचा डिसेंबर उजाडला. माझे संत्रे निरोगी होते की नाही, हे मला तरी कुठे ठाऊक होते?

मधाचे तर विशेषच. २००० साली व्हरोआ नावाचा, मधमाशीला चिकटून तिचे सत्त्व शोषणारा बारीक परजीवी ऑकलंड भागात सापडला आणि पुढे देशभर पसरला. मधातूनही मधमाश्यांचे रोग येऊ शकतात, म्हणून बाहेरच्या मधाला तिथे दरवाजा बंद. हे कळल्यावर आई म्हणाल्या, “बरोबरच आहे. हिलरी कोण होता?” मला गिर्यारोहक एवढेच ठाऊक. “अगं, मधमाश्या पाळणारा! बापाचा आणि भावाचा तोच धंदा.” खरेच आहे. एव्हरेस्टवर चढलेला माणूस पोटासाठी मधमाश्याच पाळत होता. पुढे १९८५ ते १९८९ या काळात ते भारतात न्यूझीलंडचे उच्चायुक्त म्हणून दिल्लीत राहिले. आज त्यांचा चेहरा तिथल्या पाच डॉलरच्या नोटेवर आहे. “त्याच्या गावात मी माझ्या भावाचा मध घेऊन चालले होते,” असे म्हणून आई हसल्या.

जागे राहण्याची दुपार

पुन्हा त्या पहिल्या दिवसाकडे येते. हॉटेलात बॅगा टाकल्यावर कुणालाही बिछान्यावर आडवे व्हावेसे वाटणारच. टूर मॅनेजरने मात्र सगळ्यांना बाहेर काढले आणि ते फार चांगले केले. शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण एखादा तासच सरकते, आणि पूर्वेकडे जाताना ते सरकायला जास्त कुरकुर करते. दुपारी तीन-चार तास झोप काढली, तर रात्री दोन वाजता टक्क जाग येते आणि सहलीचे पहिले तीन दिवस पेंगण्यात जातात. अगदीच राहवले नाही तर गजर लावून वीस-पंचवीस मिनिटे डुलकी काढावी, दुपारच्या उजेडात चालावे, आणि रात्री तिथल्या वेळेलाच जेवून झोपावे. मधुमेहाच्या गोळ्या, इन्शुलिन यांच्या वेळा कशा बदलायच्या, हे मात्र निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

आम्हाला माउंट ईडनवर नेले. माओरी भाषेत माउंगाफाऊ. उंची अवघी १९६ मीटर, पण आहे ज्वालामुखी! ऑकलंड शहर अशा पन्नासएक ज्वालामुखींच्या मधोमध वसले आहे. माथ्यावर २०१६ पासून गाड्यांना बंदी आहे, तेव्हा शेवटचा चढ पायीच. आई दर वीस पावलांवर थांबत, पण वर पोचल्या. मधोमध सुमारे पन्नास मीटर खोल, हिरव्यागार गवताची वाटी. माओरींना ती पवित्र, म्हणून आत उतरायचे नाही. कडेच्या लाकडी वाटेवरूनच पाहायचे. समोर शहर, १९९७ मध्ये उघडलेला ३२८ मीटर उंच स्काय टॉवर, पलीकडे समुद्रात रांगितोतो बेट.

आई बराच वेळ पाहत राहिल्या. मग जमिनीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “मी खडूने इथे काढायचे बघ. आणि पुढे फक्त समुद्र म्हणायचे.” मला वाटले, दंडाचा विषय निघेल. निघाला नाही. उलट त्यांनी मलाच विचारले, “अजून मन लागलं नाही ना तुझं?” मी म्हटले, “वीस हजार गेले आई.” त्या म्हणाल्या, “गेले. पण खोटं बोललीस म्हणून नाही गेले, विसरलीस म्हणून गेले. दोन्हींत फरक आहे. चल, चालायला लाग, नाहीतर झोप येईल.”

निघण्यापूर्वी एवढे करा

न्यूझीलंडच नव्हे, कुठल्याही दूरच्या देशात ग्रुपबरोबर जाणार असाल, तर पुढच्या गोष्टी ध्यानात ठेवा.

• टूर कंपनीने तुमच्या नावाने भरलेला प्रत्येक फॉर्म मागून घ्या आणि ओळन्‌ ओळ वाचा. घरातल्या वडीलधाऱ्यांना मराठीतून वाचून दाखवा. भरणारा कुणीही असो, जबाबदारी प्रवाशाचीच असते.

• न्यूझीलंडचे निवेदन प्रवास सुरू होण्याच्या आधीच्या चोवीस तासांत भरता येते आणि ते मोफत असते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइटपासून सावध राहा. भारतीयांना व्हिसा आधीच लागतो. पर्यटकांसाठीचा वेगळा आकार ऑक्टोबर २०२४ पासून शंभर न्यूझीलंड डॉलर झाला आहे, तो खर्चात धरा.

• फराळ, लोणची, मसाले, मिठाई, पूजेचे साहित्य, काष्ठौषधी, जे काही असेल ते ‘आहे’ म्हणून सांगा. दुधाचे पदार्थ, बिया, फळे आणि मध यांबाबत विशेष काळजी घ्या. सांगितले तर फार तर वस्तू जाते. न सांगितले तर पैसेही जातात.

• बॅग ज्याची त्यानेच भरावी. दुसऱ्याचे पार्सल ‘फक्त पोचवायला’ म्हणून घेऊ नये.

• बुटांचे तळ घरीच ब्रशने घासून, धुऊन, वाळवून घ्या. मातीतूनही रोग जातात.

• विमानात मिळालेले फळ, सँडविच, दही विमानातच संपवा किंवा तिथेच ठेवा. उतरण्यापूर्वी पर्स, कोटाचे खिसे, मुलांची दप्तरे उलटी करून पाहा.

• डॉक्टरांनी दिलेली औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, तीन महिन्यांपुरतीच न्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा.

• पहिल्या हॉटेलचे नाव, पत्ता आणि टूर मॅनेजरचा फोन इंग्रजीत लिहिलेला कागद प्रत्येकाच्या खिशात हवा. मोबाइल नेमका तेव्हाच बंद पडतो.

• चालायला त्रास असलेल्यांसाठी चाकाची खुर्ची विमान कंपनीकडे आधीच सांगून ठेवा. त्यात कमीपणा नाही.

• तिथले विजेचे प्लग तिरप्या पट्ट्यांच्या पिनांचे असतात, तेव्हा अडॅप्टर न्या. ऊनही हवेच्या गारव्यामुळे जाणवत नाही, पण कातडी भाजते. टोपी विसरू नका.

आम्हाला परत येऊन बरेच दिवस झाले. आईंनी फोटो फारसे कुणाला दाखवले नाहीत. पण “आमच्या सूनबाईंना संत्र्यापायी वीस हजार दंड झाला” ही गोष्ट मात्र अख्ख्या नात्यागोत्यात पोचली आहे. दर वेळी सांगताना तो कुत्रा थोडा मोठा होतो. सुरुवातीला मला राग यायचा. मग लक्षात आले, की गोष्टीच्या शेवटी त्या दर वेळी एक वाक्य जोडतात, “माझ्यासाठी ठेवलं होतं हो तिनं!”

परवा त्यांच्या एक मैत्रीण मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघाल्या. आई सकाळीच त्यांच्या घरी गेल्या, भरलेली बॅग पलंगावर रिकामी करायला लावली आणि समोर बसून एकेक वस्तू वाचत फॉर्म भरून घेतला. ‘नाही’ लिहिण्याआधी दोनदा विचारले. शेवटी म्हणाल्या, “आता पर्स उलटी कर.”